गळा वेगळा काढताना

नालवाडीत प्रेमदासचं घर विचारलं तर लोक क्षणभर थांबतात. मीराबाईचं घर विचारलं की लहान पोरंही बोट दाखवतात. मीराबाईला जाऊन दीड वर्ष झालं, तरी घर तिचंच आहे. प्रेमदासला याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. "घरकुलाच्या कागदावर पयलं नाव तिचंच हाय," तो म्हणतो, "लोक काई चूक नाई सांगत."

मी हे लिहितो आहे ते प्रेमदासबद्दल. पण लिहायला बसलो की मीराबाई पुढे येते आणि तो मागे सरकतो. आयुष्यभर तसंच होतं, म्हणून सगळा दोष माझ्या लिहिण्याचा नसावा. थोडा असेल. तीस वर्षं माझं बिछायत केंद्र होतं. सतरंज्या, खुर्च्या, भोंगे, माईक. त्या धंद्यात लिहिण्याची सवय लागत नाही.

प्रेमदास माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी तो मला 'तुमी मधुकरराव' म्हणतो आणि मी त्याला 'तू'. हे लहानपणी सुरू झालं. का झालं ते दोघांनाही माहीत आहे, आणि आता बदलायला गेलो तर तो चेष्टा केल्यासारखं पाहील, म्हणून तसंच चालू आहे. त्याचे वडील सनई वाजवायचे. हौसेनं नाही, गावकीचं काम म्हणून. लग्न कोणाचंही असो, यांनी दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि जेवण गोठ्याजवळ. आमच्या घरच्या लग्नातही असंच झालं असणार. मी तेव्हा फार लहान होतो, आणि पुढे घरातल्या मोठ्यांना कधी विचारलं नाही. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि सनई कायमची बंद केली. पण पोराला फुंकीच्या वाद्याचं वेड. शेवटी बापानं एवढंच सांगितलं, वाजव, पण कोणाच्या दारात उभं राहून नाही. आपल्या गाण्यात वाजव.

प्रेमदासनं ते पाळलं. वर्ध्याच्या एका बँडवाल्याकडून जुना क्लॅरोनेट मिळवला, पण बँडमध्ये गेला नाही. दिवसा जिनिंगमध्ये काम आणि संध्याकाळी भीमगीतांची गायन पार्टी. मीराबाई त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती. काम करताना गाणं म्हणायची. लग्न तिथंच जमलं आणि गायन पार्टीला गळा मिळाला.

मी त्यांचे माईक लावायचो. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सेलू, कुठंही. तिचा एक पाळणा होता, 'झोका देतं कोण गं बाळा, उजेड आला दारी'. त्यातला 'दारी' ती लांबवायची. किती लांबवते ते मोजायला समोरच्या बाया टाळ्या वाजवायच्या. चौदा टाळ्या होईपर्यंत तिचा सूर उभा राहायचा. जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नवाच्या पुढे गेला नाही. 'मीराबाईचा दम' म्हणून लोक तो ऐकायला येत. त्यात तिला दमा. कापसाचा हंगाम आणि कार्यक्रमांचा हंगाम एकच, दसऱ्यापासून एप्रिलपर्यंत, आणि रुईची धूळ छातीत. स्टेजच्या मागे ती वाकून वाकून खोकायची. मग वर जाऊन चौदा टाळ्या घ्यायची. खोकणं पाहिलेल्या माणसाला तर तो चमत्कारच वाटायचा.

सूर लांबवताना ती कानावर हात ठेवून हळूहळू तोंड डावीकडे वळवायची, माईकपासून दूर. याला म्हणतात माईकची समज, असं मी दुसऱ्या गाणाऱ्यांना सांगत असे. डावीकडे प्रेमदास उभा असायचा, तिच्या खांद्याला लागून. त्याला वेगळा माईक देऊ केला की म्हणायचा, "नको जी. तिच्याच माईकवर भागते."

हे सगळं जुनं झालं. आता मागच्या वर्षीचं सांगतो.

प्रेमदासचा मुलगा नोकरीनं चंद्रपूरला असतो. नातू रुपेश इथंच आजोबांजवळ, त्याचा सिंदी मेघेला कॉम्प्युटर क्लास आहे. रुपेशला मुलगी झाली आणि नामकरणाचा रविवार ठरला. यांच्याकडे नामकरणात वंदना झाली की बाया आत पाळण्याभोवती जमतात आणि पाळणा म्हणतात. पुरुष बाहेर मांडवात. पाळण्यात वाजा नसतो. ढोलक नाही, पेटी नाही, नुसते बायांचे गळे. बस्तीतला प्रत्येक पाळणा चाळीस वर्षं मीराबाईनं म्हटला होता. रुपेशची बायको मयुरी म्हणाली, माझ्या मुलीलाही आजीचाच पाळणा पाहिजे. मीराबाईची एक कॅसेट होती, नागपूरला एका खोलीत भरलेली. पण तीत सगळा साज होता. म्हणून रुपेशनं साज काढून टाकायचं ठरवलं.

तो आला तेव्हा मी प्रेमदासकडे चहा पीत होतो.

"आबाजी, हे पाहा. गानं टाकलं का हे गळा वेगळा काढते आन साज वेगळा काढते. एआय हाय."

"कापूनकुपून?" प्रेमदासनं विचारलं.

"कापत नाई. वळखते. हा मानसाचा आवाज, हा ढोलकचा, हा पेटीचा."

"कोनी शिकोलं त्याले?"

"लाखो गाने आयकून शिकते थे."

"मीराचं आयकलं होतं?"

"आजीचं कुठचं जी!"

"मंग थे तिले वळखते कसं?"

रुपेश हसला. "थे मले बी नाई माहीत. पन वळखते."

प्रेमदासनं थोडा विचार केला. "म्हंजे जिनिंगच झालं. सरकी इकडं, रुई तिकडं."

"बस्, तसंच."

"सरकीले थोडी रुई चिकटूनच राह्यते बरं."

रुपेशनं फोन लावला. आधी कॅसेटची खरखर आली आणि मग मीराबाई. रांजणात तोंड घालून म्हटल्यासारखा आवाज, पण तीच. प्रेमदास फोनकडे पाहत नव्हता, भिंतीकडे पाहत होता. 'उजेड आला' आलं आणि त्यानं माझं मनगट धरलं. जोरात. 'दारी' सुरू झालं, लांबलं, चौदा टाळ्यांच्या ठिकाणी जाऊन थांबलं. मग त्यानं मनगट सोडलं. मला वाटलं, बायकोची आठवण.

"झकास," तो म्हणाला. "हेच लाव रविवारी."

"नाई जी आबाजी. शेवटाले क्लॅरोनेट घुसला हाय तुमचा. आयकलं नाई का? मशीनले थो बी गळाच वाटला."

"वाटू दे नं."

"पाळन्यात वाजा कसा चालन? कमलाआजी मारन मले. दुसरं टूल हाय, त्याच्यात फुंकीचे वाजे बी वेगळे निघते. एकदम साफ करून देतो."

"साफ करून काय लोनचं घालतो? राहू दे म्हनलं तं राहू दे."

रुपेशला हे लटकं रागावणं वाटलं. मलाही. मी म्हणालो, "प्रेमदास, मशीन फसलं नं बे तुह्या फुंकीले. खुश हो." तो खुश झाला नाही. माझी कपबशी उचलून आत गेला, आणि चहा अजून अर्धा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. बसला नाही. चला म्हणाला, फिरून येऊ. आम्ही बोरगाव मेघेच्या रस्त्यानं निघालो.

"मधुकरराव, थे दारी तिचं नाई."

"कोनतं दारी?"

"पाळन्यातलं. सुरुवातीचं तिचं हाय. मागचं माहं."

मला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं तरी कळलं नाही. मग तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि पहिल्यापासून सांगू लागला. दुसऱ्या बाळंतपणानंतर मीराबाईचा दम गेला होता. पुलगावच्या एका कार्यक्रमात सहाव्या टाळीला सूर तुटला. हा शेजारी उभा. घाबरून यानं तोच सूर क्लॅरोनेटवर उचलला, खालून, अगदी हळू. टाळ्या चालूच राहिल्या. खाली उतरल्यावर ती पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, उद्या बी असंच धरजो.

"तवापासून असंच. थे तोंड फिरवे, थे कायले, तुमाले काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. वीसेक गाणाऱ्यांना मी ते तोंड फिरवणं शिकायला सांगितलं होतं.

"तू कोनाले सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू? तिचं राह्यलं काय बस्तीत, सांगा. एक फोटो हाय विहारातल्या कार्यक्रमातला, आन हा दम. पोट्टं रविवारी भोंग्यावर तोडते तिले. सगळ्याईच्या समोर."

"मंग रुपेशले सांग."

"सांगतलं का उघडंच झालं नं! तुमी जा. तुमी माईकवाले. म्हना, पयलंच बरं हाय, जास्त साफ करनं चांगलं नसते. तुमचं आयकन थो."

मी हो म्हणालो. परत येताना मला राहवलं नाही, म्हणालो, "पन प्रेमदास, कळलं तं तुहं बी नाव होईन."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही घाण बोललो. "माहं नाव घेऊन काय करू?" पुढे दहावीस पावलं गेल्यावर मात्र खाली पाहत म्हणाला, "पन वाजवलं तं बरं होतं नं म्यां?"

त्याच्या मनात नक्की काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

दुपारी मी ऑटोनं सिंदी मेघेला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं, फार साफ केलं की आवाज कोरडा पडतो. क्लास रिकामा होता. रुपेश एकटाच कॉम्प्युटरसमोर.

"काकाजी! बरे आले. तुमचे कान पाहिजे होते मले."

माझे कान कोणाला पाहिजेत असं ऐकून दहा वर्षं झाली असतील. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिथंच घात झाला. त्यानं काम करून ठेवलंच होतं. पडद्यावर रंगीत पट्टे होते, एकाखाली एक. निळा आजीचा, तो म्हणाला, पिवळा ढोलकचा, लाल पेटीचा, हिरवा फुंकीच्या वाद्याचा. माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि निळा पट्टा लावला.

आता रांजण नव्हता. मीराबाई हाताच्या अंतरावर होती. शब्दांच्या मध्ये तिचा श्वास घरघरताना ऐकू येत होता. मी माझं वाक्य विसरलो, कशाला आलो ते विसरलो. 'दारी' आलं. मी मांडीवर बोटानं टाळ्या मोजत होतो. चार, पाच, सहा. सूर तुटला.

आणि मी, तीस वर्षांच्या सवयीनं, ओरडलो, "अबे, तोडलं कायले? पुढचा सूर कुठी गेला?"

"म्यां नाई तोडलं," रुपेश म्हणाला.

तो पडद्याकडे वाकला. निळ्या पट्ट्यावरची रेघ तिथं संपत होती. बरोबर त्याच जागी खाली हिरव्या पट्ट्यावर रेघ सुरू होत होती. त्यानं हिरवा लावला. क्लॅरोनेट. मग दोन्ही लावले. अखंड सूर. मग निळा बंद, हिरवा बंद, पुन्हा दोन्ही. असं त्यानं कितीदा केलं कोण जाणे. मी त्याचा हात धरायला हवा होता.

"मशीन चुकलं असन," मी म्हणालो.

"नाई काकाजी. चुकलं थे पयल्या वक्ती. आता नाई चुकलं."

संध्याकाळी तो माझ्याबरोबरच घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "आबाजी, थे तुमी होते?" प्रेमदासनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वा मधुकरराव. इस्तू इझवाले पाठोलं तुमाले, तं फुंकर घालून आले."

रुपेशला मात्र आनंद मावत नव्हता. "अहो, भारी हाय हे! सगळ्याईले सांगू आपन. फोनवर टाकतो, आजीचा गळा कुठंवर आन आबाजीचा क्लॅरोनेट कुठून. लोक पाहातच राह्यतीन."

"खबरदार!" प्रेमदास एवढ्या मोठ्यानं बोलला की आत बाळ रडायला लागलं. मयुरी बाळ घेऊन बाहेर आली. काय झालं ते तिला रुपेशनं सांगितलं. ती म्हणाली, "मले तं आजीचाच आवाज पाहिजे. तुटला तं तुटला. आजीले दमा होता हे का कोनाले माहीत नाई?"

"तुले नाई समजत, पोरी. दमा होता तरी चौदा घे, म्हून मानत होते तिले."

मग प्रेमदासनं हात पुढे केला. "आना थे कानाचं."

रुपेशनं हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवला. प्रेमदासनं डोळे मिटले. ऐकून झालं. पुन्हा लाव म्हणाला. पाच वेळा ऐकलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही नुसते त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. दर वेळी एका जागी त्याच्या भुवया वर जायच्या.

"इथं," तो म्हणाला. "तुटल्यावर. हं म्हनते थे."

रुपेशनं ऐकलं. "काई नाई जी. मशीनचा कचरा हाय. साज उपसला का मांगं असं उरते कायकाय."

मयुरीनं ऐकलं. "श्वास घेतला असन आजीनं."

मग मी. तीस वर्षं माईक लावणाऱ्या माणसाला हे सांगता यायला हवं. पहिल्यांदा मला स्पष्ट 'हं' ऐकू आलं. दुसऱ्यांदा काहीच नाही, नुसती हवा. तिसऱ्यांदा ऐकायचं मी टाळलं.

"म्यां तिथं वाजवत होतो नं," प्रेमदास म्हणाला. "इतके वर्ष. मले कसं आयकू येईन?"

म्हणजे आता दोन पाळणे झाले. पहिल्यात मीराबाईचा पूर्ण दम होता, पण तो दम म्हणजे वाजा होता, आणि वाजा पाळण्यात चालत नाही. इतकी वर्षं कोणाला कळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. दुसऱ्यात नुसती मीराबाई होती, पण सहाव्या टाळीला तुटलेली. रुपेशनं दोन्ही फोनमध्ये ठेवले आणि आजोबांना म्हणाला, तुमी सांगान थे लावतो. पुढचे दोन दिवस प्रेमदास माझ्याकडे येऊन बसायचा आणि उठून जायचा. शनिवारी त्यानं विचारलं, "तुमी काय केलं असतं?"

"मले नाई सांगता येत," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं. तो पुलगावचा सूर खोटा होता असं म्हणावं, तर तो मी स्वतः ऐकलेला आहे. खरा म्हणावं, तर कोणाचा?

रविवारी सकाळी त्यानं रुपेशला सांगितलं, "साफवालं लाव."

"पक्कं?"

"स्टेजवर लपलो थे ठीक. पनतीच्या पाळन्यात कायले लपू?"

मांडव गल्लीत होता. साउंड दुसऱ्याचा होता, पण स्पीकरचा एक बॉक्स खिडकीजवळ ठेवायला मी सांगितलं. वंदना झाली. बाळाचं नाव सुजाता ठेवलं, जुन्या वळणाचं, मयुरीच्या पसंतीचं. मग बाया आत गेल्या, दाराला गर्दी झाली आणि आम्ही पुरुष नेहमीसारखे बाहेर खुर्च्यांवर राहिलो. माझ्या एका बाजूला प्रेमदास, दुसऱ्या बाजूला शेजारचे प्रभाकरराव. आत रुपेशनं फोन लावला.

मीराबाईचा आवाज आला आणि मांडव एकदम गप्प झाला. आत बायांनाही बहुतेक रडू आलं असावं, कारण कोणी बरोबर म्हणत नव्हतं. नेहमी म्हणतात. मला वाटलं होतं त्यांच्या आवाजात सगळं निभून जाईल. पण एवढी शांतता की बॉक्समधली खरखर ऐकू येत होती. 'उजेड आला' म्हणताच प्रेमदास उभा राहिला.

दारी. मी मोजलं नाही. तुटलं तेव्हा मी माझ्या चपलांकडे पाहत होतो.

बॉक्स रिकामा झाला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आणि मग खिडकीतून, माईकवरून नाही, आतून, बायांनी सूर उचलला. दहाबारा गळे, थोडे वरखाली, पण त्याच सुरात. 'री' लांबवत त्यांनी तो पार नेला आणि पुढची ओळ सुरू केली. त्या पुढे आणि कॅसेटमधली मीराबाई मागे, असा थोडा वेळ गोंधळ झाला. मग मीराबाईनं त्यांना गाठलं, की त्या थांबल्या, कोण जाणे, आणि पाळणा झाला.

प्रभाकररावांनी मला विचारलं, "जेवाले अजून किती वेळ हाय?"

प्रेमदास उभाच होता. थोड्या वेळानं कमलाबाई डोळे पुसत बाहेर आल्या. मीराबाईच्या मागे बस्तीत पाळणा त्याच म्हणतात. प्रेमदासनं त्यांना दारातच गाठलं.

"कमलाबाई, तुमी मधीच कायले उचललं?"

"अवो भाऊजी, तिनं हं म्हटलं नं."

"हं म्हटलं? तुमाले आयकू आलं?"

"आता काय सांगू यांले! घरातल्या पाळन्यात कवा लांबोलं तिनं दारी? दम कुठी होता तिच्यात? अर्ध्यावर आली का आमच्याकडं पाहून हं म्हने, का आमी उचलो. चाळीस वर्ष तेच करून राह्यलो आमी."

प्रेमदासचं तोंड उघडं राहिलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. आम्ही कायम मांडवात असायचो. आतून नुसता बायांचा एकत्र आवाज यायचा.

"आन स्टेजवर?" त्यानं विचारलं.

"स्टेजवर तुमी उचलत होते. आमी काय बहिऱ्या हाओ? तुमच्या पोंग्याचा आवाज आन बाईचा गळा कळत नाई आमाले?"

"तुमाले माहीत होतं? सगळ्याईले?"

"बायाईले माहीत होतं. मानसाईचं आपल्याले नाई माहीत बाप्पा."

"मंग टाळ्या कायच्या वाजवत होत्या?"

"चांगलं वाटे म्हून वाजवत होतो. घ्या! आज जेवाले घालता का असेच प्रश्न विचारत राह्यता?" असं म्हणून त्या वाढायला निघून गेल्या.

रुपेश आपलं सोडायला तयार नव्हता. जेवताना तो मला हळूच म्हणाला, "काकाजी, थे हं मशीनचंच होतं. म्यां मोठं करून पाह्यलं. बायाईनं सवयीनं उचललं." तसंही असेल. पोरगा हुशार आहे. पण कमलाबाईंना बॉक्समधून 'हं' ऐकू आलं असं त्या म्हणतात, आणि आयुष्यभर ते त्यांनी ऐकलेलं आहे. मी बाहेर बसलो होतो आणि मला फक्त खरखर ऐकू आली. कोणावर विश्वास ठेवावा?

प्रेमदासनं जेवण चांगलं केलं, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मग मांडवाच्या कडेला येऊन बसला. मी विचारलं, "आता हलकं वाटून राह्यलं असन?"

"कायचं हलकं! इतके वर्ष लपोलं. कोनापासून लपोलं थेच समजून नाई राह्यलं." मग तो म्हणाला, "मीराले माहीत असन का, बायाईले माहीत हाय म्हून?"

"असन," मी म्हणालो.

"मंग मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

मला एक उत्तर सुचलं होतं, की सांगितलं असतं तर कदाचित त्यानं तितक्या जिवानं वाजवलं नसतं. पण ते बरोबर आहे की मी माझ्या मनानं जुळवतो आहे हे ठरवता येईना, म्हणून बोललो नाही.

हे लिहू का असं मी त्याला नंतर विचारलं. "लिहा," तो म्हणाला. "आता उरलं काय लपवाले? आन वाचते कोन?"

रुपेशनं त्याला दोन्ही पाळणे एका छोट्या स्पीकरमध्ये भरून दिले आहेत, बटण दाबलं की वाजतात. दोन्हींना नाव काय देऊ, असं त्यानं त्या दिवशी विचारलं होतं, म्हणजे ओळखायला सोपं जाईल. साफवाल्याला प्रेमदासनं लगेच 'मीरा' सांगितलं. दुसऱ्यावर अडला. त्याला काय म्हणायचं ते चार महिने झाले तरी ठरलेलं नाही. परवा मी पुन्हा विचारलं.

"थांबा नं जी," तो म्हणाला. "तिचं एकटीचं नाई थे, माहं एकट्याचं बी नाई. काय सांगू पोराले?"